बिनगुरूची विद्या

माझ्या अभ्यासिकेतील मेजावर सध्या एक मँडोलिन आणि ते शिकविणारी पाच पुस्तके आहेत. आमच्या महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक परवा सहज येऊन बसले. त्यांनी प्रथम वाद्याकडे पाहिले, मग पुस्तके मोजली, आणि चष्मा पुसत म्हणाले, "द्रोणाचे गणित तुम्ही उलटे केलेत. तिथे गुरू एक आणि पांडव पाच होते; इथे गुरू पाच आणि शिष्य एक!" मी हसलो खरा, पण ते गेल्यावर त्या पाच पुस्तकांकडे पाहत बराच वेळ बसून राहिलो. इतके गुरू करून ठेवणाऱ्या शिष्याला निदान एक तरी गाणे वाजविता येते काय? येते. एकच येते, आणि तेही एका ठिकाणी हमखास चुकते. तरीही ही पाच पुस्तके घरात कशी आली त्याची हकीगत सांगावी असे मला वाटते. कारण तीत मँडोलिनपेक्षा माझीच परीक्षा अधिक झाली आहे.

हे वाद्य मी हौसेने आणलेले नाही. ते माझ्या मुलीचे. ती महाविद्यालयात असताना गॅदरिंगसाठी तिला व तिच्या मैत्रिणींना 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ सालच्या चित्रपटातील एक प्रसंग रंगमंचावर करावयाचा होता. त्यातला नायक मोहरीच्या शेतात मँडोलिन घेऊन उभा असतो, म्हणून मँडोलिन हवे होते. ते वाजवावयाचे नव्हते. नुसते हातात धरावयाचे होते. गॅदरिंग झाले, मुलगी पदवीधर होऊन नोकरीसाठी बंगळूरला गेली, आणि मँडोलिन माळ्यावर गेले. गेल्या श्रावणात माळा गळू लागला म्हणून सामान खाली काढताना ती पेटी माझ्या हातून निसटली. आतील आठही तारा एकदम झणकारल्या. मोडतोड झाल्याचा आवाज नव्हता तो; कोणी झोपेतून दचकून उठावे आणि "कोण आहे?" म्हणून विचारावे, तसा होता. पेटी उघडली तर दोन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजलेल्या. पण अंग शाबूत होते. मी ते धूळ पुसून मांडीवर घेतले.

"काय हो, आता हे वाजविणार?" सौभाग्यवतींनी विचारले.

प्रश्न साधा होता. पण त्यातला 'आता' मला टोचला. माझे वय छप्पन्न आहे. मी तत्काळ "हो" म्हणालो, आणि एकदा म्हटल्यावर माघार घेणे शक्य नव्हते.

पहिला विचार अर्थातच गुरूचा आला. आमच्या भागात गिटार शिकविणारा एक तरुण आहे. तो मँडोलिनही शिकवितो असे कळले, म्हणून एका संध्याकाळी गेलो. वर्गात आठ-दहा वर्षांची सहा मुले लहान लहान खुर्च्यांवर बसली होती, आणि सातवी तशीच खुर्ची माझ्यासाठी ठेवलेली होती. मी बसलो न बसलो तोच शेजारचा एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही ते उलटे धरलेय." शिक्षकाने त्याला दटावले, त्याने मला अधिकच लाज वाटली. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. फोनच्या पडद्यावर आजकाल हवा तो गुरू हव्या त्या क्षणी प्रकट होतो, हे मला मुलीने सांगितले आणि मी पाहिलेही. परंतु त्या मंडळींची बोटे पाहता पाहताच माझे डोळे थकत, आणि एक गोष्ट दहा वेळा विचारली तरी ते दहाही वेळा तितक्याच उत्साहाने, तितक्याच वेगाने तीच सांगत. शेवटी मी स्वतःशी म्हटले, आपण आयुष्यभर पुस्तकांवर जगलो. शेक्सपिअर काय किंवा संसार काय, जे कळले ते पुस्तकांतून कळले. आठ तारांचे हे खेळणे पुस्तकातून शिकता येणार नाही असे कसे होईल? एकलव्याला मातीचा द्रोण पुरला. मला कागदाचा पुरेल.

पहिले पुस्तक मी ज्या बुद्धीने निवडले ती सर्वस्वी प्राध्यापकाची बुद्धी होती. ते सर्वांत जाड होते, त्याला प्रस्तावना होती, ग्रंथसूची होती, आणि पहिली चाळीस पाने निव्वळ इतिहासाची होती. ती मी दोन रात्रींत संपविली. नेपल्स शहरात विनाचिया नावाच्या कारागिरांच्या घराण्याने या वाद्याला आजचे रूप कसे दिले. व्हिवाल्डीने त्यासाठी कॉन्चेर्टो कसा लिहिला. मोझार्टने १७८७ सालच्या आपल्या 'डॉन जोव्हानी' या संगीतिकेत खिडकीखाली उभ्या राहून आळविलेल्या गाण्याला याचीच साथ कशी दिली. तरुण बीथोव्हेनने १७९६ साली प्राग येथे असताना यासाठी छोट्या रचना कशा केल्या, हे सारे मला मुखोद्गत झाले. मँडोलिनच्या चार जोडतारा फिडलच्याच सुरांत लावतात, प्रत्येक जोडीपासून पुढची जोडी षड्ज-पंचमाच्या अंतरावर असते, म्हणजे सर्वांत खालच्या जोडीला सा मानले तर पुढच्या तीन अनुक्रमे प, रे आणि ध होतात, ही सुंदर व्यवस्थाही मी समजून घेतली. महिनाअखेर मी मँडोलिनवर एक तासाचे व्याख्यान देऊ शकलो असतो. मात्र त्याच मँडोलिनच्या दोन तारा एकमेकींशी जुळविणे मला येत नव्हते. एकेचाळिसाव्या पानावर पहिला पाठ आला, आणि तो पाच रेघांच्या युरोपीय स्वरलिपीत होता. वाचकाला ती लिपी येतच असेल असे लेखकाने गृहीत धरले होते. एवढा मोठा विद्वान; माझ्यासारखाही एखादा मनुष्य आपले पुस्तक उघडील, हे त्याच्या स्वप्नातही आले नसावे.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. अप्पा बळवंत चौकात शालेय पुस्तकांच्या ढिगात एक पातळ पुस्तिका मिळाली. पंधरा दिवसांत मँडोलिन शिकविण्याची हमी तिच्या मुखपृष्ठावरच छापलेली होती, आणि आत लोकप्रिय चित्रपटगीते सरगममध्ये दिलेली होती. सारेगम वाचता येत असल्याने मला हायसे वाटले. पण थोड्याच दिवसांत ध्यानात आले की, या पुस्तिकेत सूर होते आणि काळ नव्हता. कोणता सूर किती वेळ धरावयाचा, टाळी कोठे पडते, याचा पत्ताच नाही. जे गाणे मला पाठ होते ते या अक्षरांवरून कसेबसे ओळखू येई. जे पाठ नव्हते ते सूर वाजवूनही ओळखू येत नसे. शिवाय सा कोणत्या तारेवर धरावयाचा हेही सांगितलेले नव्हते. गाणाऱ्याचा सा त्याच्या गळ्याबरोबर हलतो. तारा मात्र आपल्या जागी असतात. ज्याला ते गाणे आधीच येत आहे त्याच्यासाठी ती पुस्तिका होती.

येथे मला आपल्याकडील दोन विष्णूंची आठवण झाली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे शिक्षणाने वकील. घराण्याघराण्यांतून कोंडून पडलेल्या चिजा त्यांनी गावोगाव हिंडून मिळविल्या, आणि कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब, अशा सुटसुटीत खुणांनी त्या क्रमिक पुस्तकांत मांडल्या. ती पुस्तके मूळ मराठीत आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी (१८७२–१९३१) १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वतःची निराळी स्वरलेखनपद्धती घेऊन पाठ्यपुस्तके छापली. गाणे गुरूच्या मुखातूनच घ्यावयाचे, कागदावर उतरविले की ते मेले, असे मानणाऱ्यांच्या काळात या दोघांनी हे धाडस केले. माझ्या हातातली पुस्तिका त्याच परंपरेतील एक अंगाने खुरटलेली नात होती. परंतु भातखंड्यांच्या पानावर मात्रा, सम, खाली सारे मांडलेले असते. येथे नुसती अक्षरे होती. चीज कागदावर जपून ठेवणे ही एक गोष्ट आणि ती कोऱ्या माणसाच्या बोटांत उतरविणे ही दुसरी, हे मला तेव्हा प्रथमच नीट कळले.

तिसरे पुस्तक दिसावयास आदर्श होते. चित्रे मोठी, भाषा सोपी. पाच रेघांऐवजी चार रेघा आणि त्यांवर आकडे, म्हणजे कोणत्या तारेच्या कितव्या पडद्यावर बोट ठेवावयाचे ते शाळकरी मुलालाही कळावे. मी मन लावून सराव सुरू केला. पुस्तकात प्रत्येक पडद्याला एक बोट सांगितले होते, म्हणून पहिल्या पडद्यावर तर्जनी, दुसऱ्यावर मधले बोट, तिसऱ्यावर अनामिका, चौथ्यावर करंगळी. मँडोलिनचे पडदे इतके जवळजवळ असतात की चारही बोटे दाटीने एकमेकांवर चढत, आणि पाचव्या-सहाव्या पडद्यासाठी तर हात उचलून पुन्हा ठेवावा लागे. तीन आठवड्यांत करंगळीला सूज आली. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मी विद्यार्थ्यांना शेकडो वेळा ऐकविली आहे. म्हणून अंगणाला दोष देण्याचे धैर्य मला झाले नाही. दोष वयाचा, असे मी ठरविले.

याच सुमारास एका परीक्षक-मंडळाच्या बैठकीसाठी मुंबईस जाणे झाले. काम संपवून नव्या तारा घेण्यासाठी धोबी तलावाच्या बाजूला गेलो. तिथे एका लहानशा दुकानात एक वृद्ध गोवेकर गृहस्थ बसले होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून एके काळी गोव्याच्या वादकांची केवढी मांदियाळी होती हे सर्वश्रुत आहे. यांचे वडीलही त्यांपैकीच एक. तारा घेताना मी त्यांना सुजलेली करंगळी दाखविली आणि थोडे ओशाळून, पिशवीतले तिसरे पुस्तकही दाखविले. त्यांनी ते दोन-चार पाने उलटून पाहिले आणि शांतपणे मिटून ठेवले.

"सर, हे पुस्तक गिटारवाल्याने लिहिलेय," ते म्हणाले. "गिटारच्या भांड्यावर मँडोलिनचे झाकण. मँडोलिन म्हणजे व्हायोलिनचा भाऊ. त्याची बोटे व्हायोलिनसारखी पडतात. एका बोटाने दोन पडदे सांभाळायचे." त्यांनी भिंतीवरचे एक वाद्य काढले आणि मला दाखविले: पहिले दोन पडदे तर्जनीचे, तिसरा-चौथा मधल्या बोटाचा, पाचवा-सहावा अनामिकेचा, आणि सातव्यावर करंगळी. हात कोठेही ताणला गेला नाही की दाटला नाही. माझे वय एका क्षणात दहा वर्षांनी कमी झाल्यासारखे वाटले.

पुस्तक कसे निवडावे, असे मी त्यांना विचारले. त्यांनी जे सांगितले ते इतके नेमके होते की, ते मी आगगाडीत बसल्यावर वहीत उतरवून घेतले. पहिली गोष्ट, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, पुस्तकाने वाद्य वाजविण्याआधी ते सुरात लावावयास शिकविले पाहिजे. आठ तारांतल्या दोन जोडीदारणी भांडत असतील तर पुढचे सारे व्यर्थ. दुसरी, उजव्या हाताकडे पाहा. हौशी लेखक सारे लक्ष डाव्या हाताच्या बोटांकडे देतो. पण बोलतो तो उजवा हात. प्रत्येक सुरावर तिकोनी पट्टी वरून खाली मारावयाची की खालून वर, याची खूण पुस्तकात हवी. टाळीवर खाली, मधल्या अर्ध्या मात्रेवर वर, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लागली नाही तर पुढे लागत नाही. मँडोलिनचा सूर फार लवकर विरतो. म्हणून लांब सूर धरावयाचा झाला की मनगट सैल ठेवून तीच तार झरझर छेडीत राहावे लागते, आणि ही थरथर या शिस्तीतूनच पुढे येते. तिसरी, एका पानावर नवी गोष्ट एकच असावी. आणि चौथी सांगताना त्यांनी बोट उभारले. "शेवटी हे बघा, की पुस्तक तुमची चूक सांगतेय का. कसे वाजवायचे ते सगळेच सांगतात. काय बिघडेल, ते ज्याने कोणाला तरी शिकवलेय तोच सांगतो."

असे म्हणून त्यांनी मला एक पातळसे पुस्तक काढून दिले. मुखपृष्ठावर एक ससा मँडोलिन वाजवीत होता. मी क्षणभर घुटमळलो. ते म्हणाले, "सशाकडे पाहू नका, सर. पान नऊ पाहा."

नववे पान मी त्या रात्री घरी येऊन उघडले. त्यावर एकच सूर होता, आणि खाली दोन-तीन ओळी होत्या. त्यांचा आशय असा: येथे तुमचा आवाज भुणभुणेल. घाबरू नका, तार जोराने दाबूही नका. तुमचे बोट पडद्यापासून दूर पडले आहे. ते सरकवून पडद्याच्या अगदी मागे, खुंट्यांच्या बाजूस ठेवा. मी तार छेडली. ती भुणभुणली. बोट सरकविले. सूर स्वच्छ आला.

मी पुस्तक खाली ठेवले. कोणी तरी परक्या देशातल्या, कधी न भेटलेल्या माणसाने, माझे बोट नेमके कोठे पडेल हे आधीच ओळखून ठेवले होते. तो स्वतः उत्तम वादक असेल नसेल. पण आपले पहिले बोट कोठे पडले होते हे तो विसरला नव्हता. आणि त्या क्षणी मला एका विद्यार्थ्याचा आवाज ऐकू आला. तो मी जवळजवळ वीस वर्षे ऐकावयाचे टाळले होते.

तो कोकणातल्या एका खेड्यातून आला होता. दहावीपर्यंत सारे शिक्षण मराठीतून झालेले. इंग्रजी वाचताना ओठ हलत. मी वर्गात कीट्सची बुलबुलावरची ती प्रसिद्ध दीर्घ कविता शिकवीत होतो. हा तास माझा नावाजलेला; अन्य वर्गांतील मुलेही येऊन मागे उभी राहत. बोलता बोलता माझे लक्ष गेले, तर हा मुलगा बाकाखाली काही वाचीत होता. मी जाऊन ते ओढून घेतले. ते गाईड होते. पिवळ्या कागदाचे, दुभाषी. मी ते उंच धरून सर्व वर्गाला दाखविले, त्यातील एक विनोदी इंग्रजी वाक्य माझ्या नाटकी आवाजात वाचून दाखविले, आणि वर्ग पोट धरून हसला. मीही हसलो. तास संपल्यावर तो मुलगा मेजापाशी आला. मला वाटले, क्षमा मागेल. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तुमचे शिकवणे फार छान असते. पण ते जिथून सुरू होते तिथपर्यंत मी पोचलेलोच नसतो. हे पुस्तक मला तिथपर्यंत आणून सोडते."

मी त्याला उद्धट ठरविले. परीक्षेत तो बेताच्या गुणांनी उत्तीर्ण झाला. पुढच्या वर्षी त्याने इंग्रजी सोडून दुसरा विषय घेतला. नंतर तो जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षक झाल्याचे ऐकले. मी ते वाक्य विसरलो, असे मला वाटत होते. पण ते सशाच्या पुस्तकातील नवव्या पानावर माझी वाट पाहत होते. चाळीस पानांचा इतिहास सांगून एकेचाळिसाव्या पानावर अपरिचित लिपीत पाठ देणारा तो विद्वान ग्रंथकार कोण होता, हे मला आता कळले. तो मीच होतो. फरक इतकाच की, त्या ग्रंथाचे मुखपृष्ठ मिटून मी दुसरे पुस्तक आणू शकलो. त्या मुलाने दुसरे पुस्तक आणले तर मी त्याला हसलो.

त्या जाड ग्रंथाला मी अजून टाकून दिलेले नाही. कारण त्यातलीच एक हकीगत पुढे माझ्या उपयोगी पडली. १७६८ साली पॅरिस शहरात मँडोलिन शिकविणारी दोन पुस्तके निघाली. लिओने नावाच्या वादकाचे पुस्तक फिडलवरून मँडोलिनकडे वळणाऱ्यांसाठी होते, आणि तसे त्याने नावातच स्पष्ट लिहिले होते. डेनी नावाच्या दुसऱ्या लेखकाने आपल्या पुस्तकाच्या नावातच आश्वासन दिले की, हे गुरूवाचून शिकण्यासाठी आहे. एकाच शहरात, एकाच वर्षी! तेव्हापासून आजवर शिकविणाऱ्या पुस्तकांच्या या दोनच जाती आहेत असे मला वाटते: ज्याला येते त्याला पुढे नेणारी, आणि ज्याला काहीच येत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसणारी. दोन्हींची गरज आहे. लिओनेने आपले पुस्तक कोणासाठी आहे हे प्रामाणिकपणे सांगितले, म्हणून त्याला कोणी दोष देणार नाही. दोष त्याचा, जो पहिल्या जातीचे पुस्तक लिहून दुसऱ्या जातीच्या वाचकाच्या हाती देतो, आणि तो अडखळला की त्याच्या बुद्धीला नावे ठेवतो. तीस वर्षे माझ्या वर्गाच्या दारावर कोणती पाटी असावयास हवी होती?

कोणी म्हणेल की, हे सारे खरे. पण संगीताला अखेर गुरूच हवा. मान्य आहे. पण गुरू म्हणजे काय, हेही या वाद्यानेच मला शिकविले. आंध्रातील पालकोल्लू येथे १९६९ साली जन्मलेल्या यू. श्रीनिवास यांनी मँडोलिनसारख्या परक्या वाद्यावर कर्नाटक संगीत उतरवून साऱ्या देशाला थक्क केले. २०१४ साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. पडद्यांच्या आणि ताठ जोडतारांच्या या वाद्यावर मींड-गमक येणार कशी, असा प्रश्न पंडितांना पडावा, तर त्यांनी पाच एकेरी तारांचे विजेचे मँडोलिन घेऊन त्यातून गळ्यासारखे सूर काढले. त्यांचे गुरू सुब्बराजू. या गुरूंना मँडोलिन वाजविता येत नव्हते! ते गात, आणि मुलगा ते सूर तारांवर शोधून काढी. बोट कोठे ठेवावे हे गुरूंनी सांगितले नाही. त्यांना ते ठाऊकच नव्हते. त्यांनी दोन गोष्टी केल्या: गाऊन दाखविले, आणि शिष्याने काय वाजविले ते ऐकले.

पुस्तकाला कान नसतात, एवढेच त्याचे न्यून. उत्तम पुस्तक काय करते, तर आपल्याला कान नाहीत हे ओळखून, शिकणारा कोठे चुकेल याचा आधीच विचार करून ठेवते. आणि ज्याला कान आहेत तो शिक्षक वर्गात नुसता बोलतच राहिला, तर तो पुस्तकच झाला. तेही जाड, आणि ज्याची पाने विद्यार्थ्याला मागे उलटता येत नाहीत असे.

गेल्या महिन्यात मी अप्पा बळवंत चौकात पुन्हा गेलो. या खेपेस मँडोलिनसाठी नव्हे. कीट्सच्या त्या कवितेचे गाईड आहे काय, असे मी दुकानदाराला विचारले. त्याने मला ओळखले असावे, "मुलासाठी हवे का, सर?" असे विचारून त्याने माझी लाज राखली. घरी येऊन ते अथपासून इतिपर्यंत वाचले. त्यात इंग्रजीच्या चुका पुष्कळ आहेत, आणि काही मते तर वाचवत नाहीत. पण पहिल्याच पानावर, सोप्या मराठीत, एक गोष्ट सांगितली होती: या कवितेत कवी पक्ष्याशी बोलत आहे, रात्रीची वेळ आहे, पक्षी त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मी विचार करू लागलो. १८१९ साल, स्वच्छंदवाद, ग्रीक पुराणे, कवीचे आजारपण, हे सारे मी दरवर्षी सांगत आलो. पक्षी दिसत नाही, नुसता ऐकू येतो, हे एक वाक्य मी कधी काळी वर्गात स्वच्छ उच्चारले होते काय? मला आठवेना. ते इतके उघड आहे की सांगण्याची जरुरी मला भासलीच नसावी.

या वर्षी ती कविता शिकविताना मी त्या वाक्यापासून आरंभ केला. मग थांबलो, आणि कोणता शब्द अडतो ते विचारले. कोणी बोलेना. मी वाट पाहिली. तास माझ्या नेहमीच्या तासासारखा रंगला नाही, मागे उभे राहावयास कोणी आले नाही. पण अखेरीस शेवटच्या बाकावरून एका मुलीने दबक्या आवाजात एक शब्द विचारला, आणि तिच्यामागोमाग आणखी तिघांनी. त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता कार्यालयातील जुन्या नोंदींवरून मिळविला आहे. पत्र दोनदा लिहून फाडले. दोन्ही वेळा ते प्रस्तावनेतच फार लांबले होते.

मँडोलिनपुरते सांगावयाचे तर, सशाचे पुस्तक मी आता सव्विसाव्या पानापर्यंत आणले आहे. पाचवे पुस्तक त्याच मालेतील दुसरा भाग आहे. ते मी उत्साहाच्या भरात आधीच घेऊन ठेवले, आणि ते अजून उघडलेले नाही. एकलव्याच्या द्रोणाने अंगठा मागितला; माझ्या कागदी द्रोणाने डाव्या हाताच्या बोटांची कातडी तेवढी घेतली, आणि तीही आता घट्ट झाली आहे. रोज सकाळी अर्धा तास मी बसतो. एका जुन्या भावगीताची चाल वाजविता येते, आणि तिसऱ्या ओळीत एक सूर दररोज चुकतो. पुस्तकात त्याविषयी काही सांगितलेले नाही. परंतु मी त्या ओळीजवळ आलो की स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजातून, तो सूर अचूक गुणगुणलेला ऐकू येतो. म्हणणारी व्यक्ती दिसत नाही. मी बोट उचलून एक पडदा पुढे सरकवितो.